मंगळवारचा चेहरा

मी भिंत बोलतेय. पोर्तोलेनाच्या बंदरावर कोळ्यांच्या बंधुमंडळाचं जे प्रार्थनाघर आहे, त्याची डाव्या हाताची भिंत. लोक मला चित्र म्हणतात आणि तेही खोटं नाही. कापडावरचं चित्र गुंडाळून नेता येतं, माझं तसं नाही. माझा रंग ओल्या चुन्यात मुरलेला आहे, त्यामुळे चित्र कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, हे माझं मलाही सांगता यायचं नाही.

माझ्यावर बायबलातला एक प्रसंग आहे. येशूला पकडून नेलंय. त्याचा शिष्य पीटर मागोमाग आलाय आणि परक्या अंगणात शेकोटीपाशी अंग चोरून बसलाय. घरातली दासी त्याच्याकडे बोट दाखवते, "हापण त्याच्याच बरोबरचा!" पीटर म्हणतो, "मी ओळखत नाही त्या माणसाला." एकदा नाही, तीनदा म्हणतो. मग कोंबडा आरवतो आणि त्याला रडू फुटतं. पीटर स्वतः कोळी, म्हणून तो आमच्या कोळ्यांचा संत. पण त्याचे एवढे चमत्कार सोडून नेमका हाच लाजिरवाणा प्रसंग कशाला, असं पाद्रीबाबांनी विचारलं होतं. मंडळाचा प्रमुख ताद्देओ म्हणाला, "बाबा, पाण्यावर चालणारा पीटर आमच्या काय कामाचा? आम्ही बुडतो."

मंडळाची कामं दोन. बुडालेल्यांना पुरायचं, आणि फाशी जाणाऱ्याला सोबत करायची. पांढरे झगे घालून सगळे भाऊ त्याच्याबरोबर चालत. त्यांतला सर्वांत उंच भाऊ त्याच्या पुढे, पाठमोरा चालत, एक छोटी रंगवलेली पाटी त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरी. पाटीवर संताचं चित्र असे. मरणाऱ्याच्या डोळ्यांना दोरखंड दिसू नये, संत दिसावा, एवढाच हेतू. पाटी माझ्याच पायाशी असलेल्या कपाटात राही आणि ती धरायचा मान बार्नाबाचा होता, कारण गावात त्याच्याएवढा उंच कुणी नव्हता.

सोळाशे एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात मंडळानं मला रंगवायला सिल्वेरिओ बेल्लानो नावाचा चित्रकार आणला. चाळिशीतला, डावखुरा, तोंडानं फटकळ. त्याला सगळे 'एकहाती' म्हणत. आता माझ्या जातीचं चित्र रंगवायची रीत सांगते, म्हणजे हे नाव कळेल. आणि पुढे एका माणसाचा जीव त्या रीतीवरच टांगला होता.

सकाळी गवंडी भिंतीवर ओला गिलावा चढवतो, तोही चित्रकार दिवसभरात रंगवील तेवढाच. गिलावा ओला आहे तोवर रंग पितो. सुकला की रंग कायमचा. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा तुकडा. नव्या तुकड्याची कड जुन्याच्या कडेवर जराशी चढते. बोट फिरवलं तर कळतं, वर चढलेला तो नंतरचा, खाली दबलेला तो आधीचा. माझ्या अंगावर असे एकोणीस दिवसांचे एकोणीस तुकडे आहेत.

एखादा तुकडा बिघडला तर औषध एकच. छिन्नीनं खरवडायचा आणि नवा गिलावा लावून पुन्हा रंगवायचा. भले भले करतात. सिल्वेरिओची बढाई अशी, की आपण भिंतीला दुसरा हात कधी मारला नाही. त्या बढाईवर त्याला जेनोआच्या एका मोठ्या चर्चचा घुमट मिळायच्या बेतात होता. तिथले एक धर्माधिकारी मुद्दाम मला बघायला येणार होते.

पीटरच्या चेहऱ्यासाठी त्यानं बार्नाबाला धरलं. सोमवारी दासी रंगवून झाली होती. मंगळवारी पहाटे गवंडी गास्पारेनं डोक्यापुरता गिलावा लावला आणि तो चुन्याच्या भट्टीकडे डोंगरात निघून गेला. सिल्वेरिओनं आतून कडी घातली. काम करताना त्याला कुणी नको असे. बार्नाबा उपड्या टोपलीवर बसला तो संध्याकाळची घंटा होईपर्यंत.

"हलू नकोस."

"मी नाही हललो उस्ताद, पोट हललं."

"अरे, तू आत्ता देवाला ओळख दिली नाहीस! रडायला आलंय तुला."

"येतंय की. बायकोनं आज चण्याची भाकरी करपवली."

दिवसभर असंच चाललं. चेहरा हुबेहूब आला, पण तो उपाशी माणसाचा होता, पस्तावलेल्याचा नव्हता. सिल्वेरिओलाही ते कळलं. ब्रश धुताना तो माझ्याकडे वळून बघेना. कुणी पाहू नये म्हणून चेहऱ्यावर त्यानं गोणपाट सोडलं. बुधवारी त्यानं दाढीखाली छातीवर दाबून धरलेला हात रंगवला, मुकाट्यानं.

त्याच मंगळवारी भर दुपारी धक्क्यावर जकातीचा एक शिपाई भोसकलेला सापडला. पाहणारं कुणी नव्हतं. पण पंधरा दिवसांपूर्वी त्या शिपायाचं आणि बार्नाबाचं मिठाच्या जकातीवरून वाजलं होतं, आणि बार्नाबा चारचौघांत म्हणाला होता, "पुन्हा माझ्या पिंपाला हात लावलास तर बांगड्यासारखा खारवून ठेवीन तुला." त्या दिवशी अख्खा बाजार हसला होता. आता तेच वाक्य लोक कुजबुजत सांगायला लागले.

गुरुवारी काम बंद होतं. सिल्वेरिओ परांचीवर बसून उद्याचे रंग खलत होता. बार्नाबा आपलं तोंड बघायला बायकोला घेऊन आला होता. ती पेलेग्रिना, बाजारात मासळी विकायची. दोघं दारातून आत येतात न येतात तोच मागून शिपाई आले आणि त्यांनी बार्नाबाच्या दंडाला धरलं.

बार्नाबा चक्क हसला. "अहो, मंगळवारी मी दिवसभर इथं होतो. संत झालो होतो! विचारा उस्तादांना."

शिपायांच्या नाईकानं वर पाहिलं. "काय हो? होता का हा?"

एवढं साधं 'हो' होतं. पण जकातीचा माणूस मेलेला, सरकारचं प्रकरण, जेनोआचे धर्माधिकारी वाटेवर. आपण कशाला मध्ये पडा, असं त्याच्या मनात आलेलं मला त्याच्या थांबलेल्या हातात दिसलं. सिल्वेरिओ म्हणाला, "मी भिंतीकडे बघतो, वारांकडे नाही. काय ते न्यायाधीशांपुढे सांगेन."

तेव्हा बार्नाबाचा चेहरा पालटला. ओठांवर हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. आपण ज्याच्यावर भार टाकला तो माणूस जागेवर नाहीच, हे कळलेलं ते तोंड. शिपाई त्याला ओढत घेऊन गेले. सिल्वेरिओ मात्र त्या तोंडाकडे बघत होता, आणि बघण्यात दया कमी, चित्रकार जास्त होता. मला तेव्हाच त्याचा राग आला.

शुक्रवारी त्यानं पीटरच्या केसांना लागून उभ्या शिपायाची लाल बाही रंगवली. त्या दिवशी मंडळाचे सगळे भाऊ आले होते. ओल्या बाहीचा रंग बघून सगळ्यांनी मान डोलावली. पीटरचं डोकं तेव्हाही गोणपाटाखालीच होतं. "सुकू द्या," सिल्वेरिओ म्हणाला.

शनिवारी त्यानं गास्पारेला सुट्टी दिली, दाराला कडी घातली आणि छिन्नी काढली.

डोक्याचा मधला भाग त्यानं खरवडला, घाईत कडा तशाच ठेवल्या आणि वरून स्वतःच्या हातानं गिलावा थापला, जरा ऐसपैस, शेजारच्या तुकड्यांच्या कडांवर चढेल असा. घाव बसत होते तेव्हा मी त्याला मनात सतरा शिव्या घातल्या. मग तो रंगवायला लागला. समोर टोपलीवर कुणी नव्हतं. त्याला गरजही नव्हती. गुरुवारचं तोंड त्यानं डोळ्यांत साठवून आणलं होतं.

खोटं कशाला बोलू? संध्याकाळी मी त्या चेहऱ्यावर भाळले. ज्याला टाकून दिलं त्याचं तोंड त्यानं टाकणाऱ्या पीटरला दिलं होतं, आणि ते असं उतरलं होतं की बघणाऱ्यानं मान खाली घालावी. माझ्यासारख्या कोळ्यांच्या भिंतीला असा चेहरा कोण देतो? बार्नाबा त्या वेळी किल्ल्याच्या तळघरात होता आणि मी आपली रूप मिरवायला उतावीळ झाले होते.

न्यायाधीश कास्ताल्दी जेनोआहून आले. सत्तरीचे, काटकुळे, कायम थंडी वाजणारे; पण लाच खाणारे नव्हते, की घाई करणारेही नव्हते. भिंतीला कान असतात म्हणतात. माझे तर बंदरभर होते, कारण सुनावणी ऐकून आलेला प्रत्येक जण आमच्याच पायरीवर बसून बोलायचा. बार्नाबानं शपथेवर सांगितलं, मी मंगळवारी पीटर होऊन बसलो होतो. न्यायाधीशांनी सिल्वेरिओला विचारलं. सिल्वेरिओ म्हणाला, "चेहरा त्याचाच आहे. वार मला आठवत नाही."

"आठवत नाही?" पायरीवर पेलेग्रिना ओरडली. "कालचा रस्सा खारट होता ते आठवतं मेल्याला! खानावळवालीला जाऊन सुनावलं त्यानं!"

मग न्यायाधीश स्वतः माझ्याकडे आले. सोबत जेनोआचे ते धर्माधिकारी होते, मंडळ होतं, निम्मं गाव होतं. गोणपाट निघालं. पीटरचा चेहरा पाहून लोक पुढे सरकले. दोन बायकांनी गुडघे टेकले. माझी छाती फुगली, आणि तेवढ्यात ते म्हातारे गृहस्थ परांची चढून वर आले आणि त्यांनी गास्पारेला हाक मारली.

"ही लाल बाही कुठल्या दिवसाची?"

"शुक्रवारची, साहेब. सगळ्यांनी ओली पाहिलीय."

"आणि डोकं?"

गास्पारे साधा माणूस. त्यानं डोकं आणि बाही यांच्या मधल्या कडेवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा उतरला.

"बोल."

"डोकं... डोकं वर चढलंय, साहेब."

"म्हणजे काय?"

"म्हणजे शुक्रवारनंतरचं. मंगळवारी मी गिलावा लावला होता, पण त्यावर रंग चढलेला मी पाहिला नाही."

खाली एकच गलका झाला. शुक्रवारनंतरचं, म्हणजे बार्नाबा मंगळवारी इथं बसलाच नव्हता. खोटं बोलला. न्यायाधीशांनी हात वर केला आणि सिल्वेरिओकडे वळून, अगदी सावकाश, दारच उघडून दिलं. "उस्ताद, हे डोकं तुम्ही खरवडून दुसऱ्यांदा केलंय का? तसं असेल तर आरोपी खरं बोलतोय. शपथेवर सांगा."

सिल्वेरिओनं खाली पाहिलं. धर्माधिकारी अजून पीटरच्या चेहऱ्याकडेच टक लावून उभे होते.

"माझ्या भिंतीला दुसरा हात लागत नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. भिंत खोटं बोलत नाही, साहेब."

माझं नाव घेऊन! मी खोटं बोलत नव्हते हे खरं, पण मला अर्धंच विचारलं होतं. वरची कड सगळ्यांनी चाचपली, खालची कुणी पाहिली नाही. मला तेव्हा तडकता आलं असतं तर मी तडकले असते. पण गास्पारे गिलावा फार चांगला लावायचा.

शनिवारी सकाळी फाशी, असं ठरलं.

गुरुवारी ताद्देओ आणि चार भाऊ झगे वाळत घालायला आले. कपाटातून त्यांनी पाटी काढली, पुसली. मग सगळेच घुटमळले. शेवटी एक जण म्हणाला, "ताद्देओ, आता ही धरणार कोण?"

धरणारा तोच तर जायचा होता. ताद्देओ त्याच्या खांद्याला लागायचा. "हात वर करून धरीन," तो म्हणाला, आणि सरावासाठी दोन्ही हात वर करून पाठमोरा चालून बघितलं. पाचव्या पावलाला त्याचे हात खाली आले.

शुक्रवारी सकाळी गास्पारे शेकोटीच्या भागासाठी परांची खाली घ्यायला आला. तेव्हा पेलेग्रिना आत आली. डोक्यावर टोपली नव्हती, पायात काही नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि खूप वेळ वर बघत राहिली. त्या दिवशी गर्दीत तिला धड दिसलंच नव्हतं.

"गास्पारे, हे तोंड कधीचं म्हणालास?"

"वहिनी, नको गं. माझ्याच अंगठ्यानं त्याला..."

"रडू नकोस, ऐक. अठरा वर्षं झाली माझ्या लग्नाला. वादळातनं परत आलेला पाहिलाय मी त्याला, दोन पोरं पुरताना पाहिलाय. हे तोंड कधी नव्हतं त्याचं. एकदाच पाहिलं मी ते. त्या गुरुवारी, या दारात, हा उस्ताद वरनं 'वार बघत नाही' म्हणाला तेव्हा." तिचा आवाज चढला. "त्यानंतर बार्नाबा इथं आलाच नाही. तुरुंगात आहे. मग उस्तादानं हे तोंड कुणाला बसवून काढलं?"

गास्पारे सोडवलेली दोरी तशीच टाकून वर चढला आणि त्यानं पूर्ण तळवा पीटरच्या गालावर ठेवला. बाहीच्या कडेशी त्याचा अंगठा त्या दिवशी फिरला होता, तळवा आज पहिल्यांदाच ठेवला. त्यानं डोळे मिटले.

"ही माझी थापी नव्हे," तो म्हणाला. "मी उजव्या हातानं ओढतो. हे डावखुऱ्यानं ओढलंय." मग त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केली. मी जितकं मोठ्यानं वाजता येईल तितकं वाजले. "वहिनी, खाली आणखी गिलावा आहे. माझा आहे खाली."

तासाभरात सगळे गोळा झाले. पेलेग्रिनानं न्यायाधीशांना जेवणावरून उठवून आणलं. गास्पारेनं सिल्वेरिओला खानावळीतून आणलं, दंडाला धरून. सिल्वेरिओनं माझ्याकडे पाहिलं, पेलेग्रिनाकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाला, "हो. मी शनिवारी दुसऱ्यांदा केलं. मंगळवारी तो इथंच होता."

मला वाटलं, सुटलो सगळे. पण म्हातारे न्यायाधीश जागचे हलले नाहीत.

"उस्ताद, तुम्ही आधी म्हणालात वार बघत नाही. मग म्हणालात आठवत नाही. मग शपथ घेऊन नाही म्हणालात. आता चौथ्यांदा जे म्हणताय, ते मी कशाच्या जोरावर मानू? बाईचा आक्रोश ऐकून तुमचं मन विरघळलं नसेल कशावरून?"

"मी सांगतो ना," गास्पारे म्हणाला.

"तू परवा उलट सांगितलंस. आणि आरोपीचा शेजारी आहेस." त्यांनी शाल घट्ट ओढली. "भिंतीनं दाखवलं तर मानीन."

दाखवायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना एकदमच कळलं. पीटरचा चेहरा फोडायचा.

"नाही!" ताद्देओ पुढे झाला. "बायका मेणबत्त्या लावायला लागल्यात त्याच्यापुढे. संताच्या तोंडावर हातोडी? उद्या समुद्र सोडील आपल्याला?"

"ताद्देओ," पेलेग्रिना म्हणाली, "उद्या पाटी धरणार आहेस ना? मग हात वर करून माझ्याकडे बघ आणि पुन्हा बोल."

ताद्देओ बाजूला झाला नाही. न्यायाधीश म्हणाले, "संताचं चित्र फोडायचा हुकूम मला देता येत नाही. बिशपांना लिहावं लागेल, उत्तराला दहा दिवस, आणि शिक्षा उद्या आहे. पण चित्र अजून मंडळाच्या ताब्यात दिलेलं नाही, मालक तुम्हीच आहात, उस्ताद. मी सांगणार नाही आणि अडवणारही नाही."

सिल्वेरिओ वर चढला. हातात छिन्नी, हातोडी. त्यानं डाव्या हाताची मागची बाजू पीटरच्या गालाला लावली, आजारी माणसाचा ताप बघतात तशी. मला माहीत होतं, असा चेहरा त्याला पुन्हा जमायचा नाही. त्यालाही माहीत होतं. आणि मी? माझ्या मनात आलं, की अजून म्हण ना रे 'नाही'. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

"कडेनं घे, उस्ताद," गास्पारे खालून कुजबुजला. "खालची माझी कड तुटली तर दाखवायला काही उरायचं नाही."

पहिला घाव बाहीच्या बाजूनं. कपाळ निघालं आणि त्याबरोबर खालचा जुना गिलावाही निघून आला. नुसता दगड दिसला. सिल्वेरिओचा हात थांबला. चेहराही गेला आणि माणूसही जाणार, असं व्हायला आता फार काही लागणार नव्हतं.

"दासीच्या बाजूनं," गास्पारे म्हणाला. "हळू. अंड्याचं कवच सोलतोस तसं."

तो हातोडी ठेवून नुसत्या छिन्नीनं खरवडायला लागला. डोळा पडला. गाल पडला. मग खालून एक कान दिसला. तो जुना कान होता, मंगळवारचा, आणि त्याचा गिलावा सोमवारच्या दासीच्या बोटावर चढलेला होता.

न्यायाधीश परांची चढून वर आले. त्यांनी नख लावलं. "सोमवारच्या वर," ते म्हणाले. "पुढे."

दाढीची बाजू राहिली होती, बुधवारच्या हाताला लागून. तिथे सिल्वेरिओला इतका वेळ लागला की कुणीतरी खाली मोठ्यानं जपमाळ म्हणायला लागलं आणि पेलेग्रिनानं त्याला गप्प केलं. ओठ गेले, हनुवटी गेली. शेवटचा पापुद्रा निघाला तेव्हा खाली चार बोटं जुनी दाढी होती आणि तिची कड बुधवारच्या हाताखाली सरळ गेलेली होती.

न्यायाधीशांनी तिथेही नख लावलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. "सोमवारच्या वर. बुधवारच्या खाली." त्यांनी शाल सावरली. "मंगळवार. सोडा त्याला."

पेलेग्रिना धावतच किल्ल्याकडे गेली. तिनं सिल्वेरिओला मारलं नाही, आभारही मानले नाहीत. तो परांचीवर बसून राहिला, मांडीवर चुना, आणि मग रडला. धर्माधिकारी केव्हाच निघून गेले होते. घुमट दुसऱ्या कुणाला मिळाला. मंडळानं पुष्कळ सांगितलं, पण पीटरचं डोकं त्यानं पुन्हा केलं नाही. शेकोटी आणि कोंबडा पुरा करून तो निघून गेला, आणि नंतर मी त्याला पाहिलं नाही.

बार्नाबा त्यानंतर एकतीस वर्षं जगला. पाटी त्यानं पुन्हा हातात धरली नाही. पण दर रविवारी माझ्या पायाशी बसायचा, आधी मुलीला मांडीवर घेऊन, आणि पुढे त्या मुलीच्या मुलाला घेऊन. वर मात्र कधी बघायचा नाही.

माणसं विसरतात. मंडळ मोडलं. माझ्या पोटाशी आधी शिडं ठेवली, मग मीठ. मिठानं माझे निळे रंग खाल्ले. पोरांनी माझ्यावर चेंडू आपटले. पीटरच्या जागी भगदाड का, असं कुणी विचारलं की जुनेजाणते सांगायचे, परक्या सैन्यानं गोळ्या झाडल्या. शे-दोनशे वर्षांत तेच खरं झालं.

आता पुन्हा परांची लागलीय. ओर्नेला नावाची बाई मला दुरुस्त करतेय. हात हलका आहे तिचा. कुठल्याशा संग्रहात सिल्वेरिओनं कागदावर काढलेलं त्या दुसऱ्या चेहऱ्याचं रेखाटन सापडलंय म्हणे, आणि त्यावरून भगदाड बुजवून चेहरा पुन्हा बसवायचा, असं समितीनं ठरवलंय. काल तिनं दाढीच्या त्या कडेवर नख फिरवलं आणि थबकली. "हे गोळीचं काम नाही," सोबत्याला म्हणाली. "कडा किती जपून ठेवल्यात बघ. कुणीतरी मुद्दाम फोडलंय."

"असेल. सोमवारी गिलावा येतोय," तो म्हणाला.

ओर्नेलाबाई, तुझं नख बरोबर सांगतंय. अजून जरा खाली फिरव. तो चेहरा मला फार आवडायचा, आजही त्याची आठवण आली की मला रितं वाटतं, आणि तू तो परत आणशील तर मी सुंदर दिसेन हेही मला ठाऊक आहे. तरी हात जोडते, हे भगदाड असंच राहू दे. पीटरचे चेहरे या देशात गावोगाव आहेत. बार्नाबाला मान एकच होती.